झुरळांची बाई आणि फराळाच्या दोघी

आमच्या महिला उद्योजकांच्या मंडळाचं प्रदर्शन दरवर्षी दिवाळीआधी डोंबिवलीत भरतं आणि दरवर्षी माझ्या स्टॉलवरून वाद होतो. कारण साधं आहे. बाकीच्या बायका साड्या, पणत्या, उटणी, लोणची, चॉकलेटं विकतात. मी झुरळं मारते. खाण्याच्या स्टॉलशेजारी मला बसवता येत नाही, कारण माझ्या बॅनरवर झुरळाचं चित्र आहे. कपड्यांच्या स्टॉलशेजारी नको, कारण कपड्यांना औषधाचा वास लागेल म्हणे. मी प्रदर्शनात औषध आणतच नाही, फक्त माहितीपत्रकं आणते, हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी मला बाथरूमकडे जाणाऱ्या वाटेवरचा कोपरा मिळतो. एका वर्षी आमच्या अध्यक्षा अनुराधाताईंनी विचारलं, "सुलभा, ते चित्रातलं झुरळ जरा लहान नाही का करता येणार?"

मी म्हटलं, "येईल की. पण मग ते ढेकूण वाटेल."

त्यांनी विषय सोडला.

पंचवीसेक वर्षं मी पेस्ट कंट्रोलचा धंदा करते आहे. यात कशी आले ती गोष्ट लांबलचक आहे आणि फारशी रंजक नाही. ठाण्यातल्या एका कंपनीत फोन घेत होते. फोन करणाऱ्या बहुतेक बायका असायच्या आणि त्या दबक्या आवाजात बोलायच्या. या बायकांना बाईशी बोलायला बरं वाटतं एवढं माझ्या लक्षात आलं आणि पुढे मी स्वतःचं काम सुरू केलं. माझ्याबरोबर पहिल्यापासून दत्ता आहे. तो पंप चालवतो, ड्रिल मारतो आणि गिऱ्हाइकांवर चिडत नाही. चिडायचं खातं माझ्याकडे आहे.

या धंद्यात औषध कमी लागतं, तोंड बंद ठेवणं जास्त लागतं. घरात चोरी झाली तर लोक सगळ्या सोसायटीला सांगतात. ढेकूण झाले तर सख्ख्या बहिणीला सांगत नाहीत. कल्याणच्या एका बाईंकडे मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि दिवाणात ढेकूण निघाले. त्यांनी मला साडीवाली म्हणून यायला सांगितलं. दत्ताने पंप साड्यांच्या मोठ्या पिशवीत घालून आणला. जिन्यात शेजारीण भेटली, तिने आम्हाला थांबवलं आणि म्हणाली, "आमच्याकडेही या की, नारायणपेठ असेल तर दाखवा." आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे. शेवटी दत्ता म्हणाला, "काकू, यातला माल बुक झालाय."

नौपाड्यात एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागलेली. त्यांचं म्हणणं, वाळवी माझ्या चौकटीत दिसत असली तरी ती शेजाऱ्याकडून आलेली आहे, सबब शेजाऱ्याने उपाय करावा. शेजाऱ्याचं म्हणणं बरोब्बर उलटं. वाळवी जमिनीतून येते, तिला घरमालक कोण हे माहीत नसतं, हे मी दोघांना वेगवेगळं आणि एकत्र बसवून समजावलं. दोघांनीही मान डोलावली. मग दोघं गप्प बसले आणि वाळवीने निवांतपणे दोन्ही चौकटी खाल्ल्या.

तर अशा धंद्यातली मी, मंडळात गेले ती माझ्या धाकट्या जावेच्या आग्रहाने. महिन्यातून एकदा नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये सकाळी आम्ही जमतो. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या बायका असतात. अनुराधाताईंचं पडद्यांचं दुकान आहे. बाकी कुणी ब्यूटी पार्लर चालवतं, कुणी हिशेब तपासतं, कुणी शिकवण्या घेतं. प्रत्येकीने एक मिनिट उभं राहून आपला धंदा सांगायचा, मिनिट संपलं की अनुराधाताई टेबलावरची पितळी घंटा वाजवतात. मग एकमेकींना गिऱ्हाइकं सुचवायची. कागदावर हे फार छान आहे. प्रत्यक्षात पडदेवालीला गिऱ्हाईक सुचवणं सोपं असतं. "तुमच्याकडे झुरळं झालीयेत ना, आमच्या सुलभाताईंना बोलवा," असं कोण कुणाला सांगणार? त्यातून त्या हॉलमधल्या निम्म्या बायकांच्या ओट्याखाली मी गुडघ्यांवर बसून टॉर्च मारलेला आहे. हॉलमध्ये त्या मला असं भेटतात की जणू आमची ओळख फक्त चहापुरती आहे. एकीने तर सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, "तुम्ही नक्की काय करता हो?" मी तिच्याकडे आदल्याच आठवड्यात जाऊन आले होते.

मंडळाचा एक नियम आहे, एका धंद्यातली एकच बाई घ्यायची. या नियमाने आमचा जितका जीव खाल्लाय तितका झुरळांनी कुणाचा खाल्ला नसेल. कल्याणची रजनी जुनी सभासद, फराळवाली. पन्नाशीची, जाडजूड, मोठ्या आवाजाची. स्वतःच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिने किचन थाटलंय. मग डोंबिवलीची हेमा आली. ती पण चकली, चिवडा, शेव करणारी, पण तिने फॉर्मवर 'स्नॅक्स' लिहिलं आणि अनुराधाताईंनी ते मान्य केलं. रजनीने विचारलं, चकली हे फराळात येतं की स्नॅक्समध्ये? यावर किती बैठका गेल्या ते विचारू नका. एकदा तर ठराव आला की दिवाळीत चकली फराळ धरावी आणि इतर वेळी स्नॅक्स. मी त्या दिवशी लवकर निघाले. मला एका गोदामात उंदरांकडे जायचं होतं आणि खरं सांगते, जायला बरं वाटलं.

हेमा तशी कष्टाळू. चाळिशीच्या आतली, बारीक, सतत घाईत. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा तिने घरातलं फराळाचं काम बाहेर काढलं, डोंबिवली पूर्वेला एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर गाळा भाड्याने घेतला, दोन बायका कामाला ठेवल्या. गेल्या दिवाळीत मंडळातल्या बऱ्याच जणींनी आपल्या गिऱ्हाइकांना द्यायचे फराळाचे डबे तिच्याकडून घ्यायचे ठरवले. माजिवड्याच्या एका ऑफिसचीही मोठी ऑर्डर तिला मिळाली होती. रजनीला त्यातलं काही मिळालं नाही, त्यामुळे ती मंडळाच्या ग्रुपवर फक्त अंगठा टाकत होती. ज्यांना रजनी माहीत आहे त्यांना त्या अंगठ्याचा अर्थ कळत होता.

दिवाळीच्या तीन आठवडे आधी हेमाचा फोन आला. दबका आवाज. मी ओळखलं.

"सुलभाताई, एकदा गाळ्यावर येऊन जाल का? गाडी मात्र बाहेर कोपऱ्यावर लावा. आणि दत्ताभाऊंना तो ड्रेस नको."

आम्ही गेलो. पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत भिंतीला लावलेली होती, पॅकिंगचे रिकामे डबे त्यातून आलेले. मी एक खोका उचलून त्याची घडी उघडली, आतून बारीक झुरळं पळाली आणि हेमाने तोंडावर हात ठेवला.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. घरातली लहान, तपकिरी झुरळं गटारातून चालत येत नाहीत. बहुतेक वेळा आपणच त्यांना खोक्यांतून, पिशव्यांतून आणतो. त्यांच्यासाठी आम्ही जेल वापरतो. बिजागऱ्यांच्या फटीत, ओट्याखाली, फ्रिजच्या मोटरपाशी मोहरीएवढे ठिपके लावायचे. झुरळ ते खातं, फटीत जाऊन मरतं, त्याला इतर झुरळं खातात आणि तीही मरतात. ऐकायला ओंगळ आहे, पण स्वयंपाकघरासाठी याहून स्वच्छ उपाय मला माहीत नाही. अट एवढीच की जागा रिकामी करून घासून द्यायची, काही दिवस काम बंद ठेवायचं आणि आम्हाला पुन्हा एकदा येऊ द्यायचं, कारण अंड्यांच्या पिशवीला कुठलंच औषध लागू पडत नाही. पिल्लं बाहेर आली की मगच ती सापडतात. ही दुसऱ्या फेरीची गोष्ट काढली की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू ती अंडी मीच घातलीयेत.

"बंद ठेवणं शक्य नाही," हेमा म्हणाली. "परवापासून तळण आहे. शेव, चिवडा आधी करून ठेवायचाय. तुम्ही एकदाच फवारून टाका ना जोरात."

"अगं, जोरात फवारलं तर ती फक्त पळतील. भिंतीतून पलीकडच्या गाळ्यात जातील आणि परत येतील. आणि खाण्याच्या जागेत मी असं फवारणार नाही. आठवडाभर बंद ठेव, मी दिवाळीच्या आत तुला जागा साफ करून देते."

"आठवडाभर," ती म्हणाली. मग हसली, वैतागून हसतात तसं. "बघते आणि कळवते."

'कळवते' म्हटलं की गिऱ्हाईक कळवत नाही हे मला माहीत आहे. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. तिसऱ्यांदा मी केला नाही. मलाही माझी कामं होती.

साधारण आठ-दहा दिवसांनी तिचाच फोन आला. मंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी होती, मला वाटलं त्याबद्दल असेल.

"ताई, औषधाचा वास कशाने जातो?"

"कुठल्या औषधाचा?"

मग म्हणाली, "फवारणीच्या."

मी हातातलं काम दत्तावर सोडून रिक्षा केली. गाळ्याच्या दारातच वास आला, रॉकेलसारखा, घशात बसणारा. स्टेशनजवळच्या भिंतीवर नंबर रंगवलेला असतो तसल्या कुणाला तरी तिने बोलावलेलं. हेमा माल आणायला गेली असताना तो आला, कामाच्या बायकांना बाहेर उभं केलं आणि वरपासून खालपर्यंत गाळा भिजवून गेला. बेसनाच्या पिशव्या ओल्या. चिवड्याचे मोठे पत्र्याचे डबे रांगेने उभे, काहींवर झाकणं, काहींवर नुसते वर्तमानपत्राचे कागद. त्या कागदांवर तेलकट डाग. आणि खिडकीच्या चौकटीवर दोन झुरळं मिशा हलवत बसलेली, ठणठणीत.

"हे सगळं फेकायचं," मी म्हटलं.

"झाकलेले डबे आहेत ना त्यातले. ते चालतील."

"कुठले झाकलेले होते आणि कुठले नंतर झाकले, तू इथे होतीस का बघायला?"

तिने एक झाकण उघडलं, वास घेतला, परत लावलं. "याला नाही येत वास. तुम्ही बघा."

"हेमा, वासाचा प्रश्न नाहीये. लोकांच्या घरी लहान मुलं खाणार आहेत हे."

ती खाली बसली, ओल्या फरशीवरच. "तुम्हाला बोलायला सोपं आहे. तुमच्या धंद्यात ना माल लागतो ना नाशवंत काही असतं. मी हे फेकलं तर पुन्हा करायला दिवस कुठे आहेत? आणि करणार कुठे, इथे? ऑर्डरी गेल्या तर गाळा जाईल. त्या रजनीताई तर पेढेच वाटतील."

मला तिची दया आली आणि तितकाच राग आला. मी आठवडा मागत होते तेव्हा हिच्याकडे आठवडा नव्हता. आता आठवडाही गेला होता आणि मालही. पण ते बोलून दाखवण्यात काही अर्थ नव्हता. मी म्हटलं, "उद्या बैठक आहे. ज्यांनी तुला ऑर्डर दिल्या त्या सगळ्या तिथे असतील. तू त्यांना सांग. तू नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल."

तिने वर बघितलं. "गिऱ्हाइकाचं बाहेर बोलत नाही म्हणता ना तुम्ही?"

तिने बरोबर जागी बोट ठेवलं. माझा सगळा धंदा त्या एका गोष्टीवर उभा आहे. मी एकीचं बोलले की बाकीच्या दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस शोधणार, हे मला रिक्षात बसल्यावर चांगलंच कळत होतं. घरी गेल्यावर माझा नवरा म्हणाला, "तू कशाला मध्ये पडतेस?" मी म्हटलं, "मी पडले नाही, मला फोन करून पाडलंय." तेवढंच आमचं त्यावर बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये हेमा आलेली. पहिल्या रांगेत, हिरवी साडी, केस नीट बांधलेले. माझ्याकडे बघितलं नाही. एकेक बाई उभी राहून आपलं मिनिट बोलत होती, घंटा वाजत होती. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं. हेमाचा नंबर आला.

"मी हेमा, डोंबिवलीहून. दिवाळीसाठी घरगुती चवीचे..." इथपर्यंत नेहमीचं. मग ती थांबली. "माझ्या गाळ्यात झुरळं झाली होती. सुलभाताईंना बोलावलं, पण त्यांनी लगेच काम केलं नाही, म्हणून मला दुसरा माणूस बघावा लागला."

मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. काल मला विनवणारी ही बाई आज सगळ्यांसमोर माझ्यावर ढकलत होती. मी उठणारच होते, पण तिने माझ्याकडे वळून बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"नाही, तसं नाही झालं," ती म्हणाली. "ताईंनी आठवडाभर बंद ठेव म्हणून सांगितलेलं. मीच ठेवलं नाही. त्या माणसाने तयार मालावर औषध मारलं. सगळा माल..."

घंटा वाजली. मिनिट संपलं होतं. अनुराधाताईंनी सवयीने वाजवली असणार, पण हॉलमध्ये ती घंटा फार वेळ घुमत राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो ताई, राहू द्या ना ती घंटा."

"सगळा माल मी फेकतेय," हेमा म्हणाली आणि खाली बसली.

माझी अपेक्षा होती की या घडीला बायका उठून तिच्याजवळ जातील. आमच्या मंडळाच्या पत्रकावर एकमेकींच्या हातात हात घातलेल्या बायकांचं चित्र आहे. पहिला प्रश्न आला भेटवस्तूंचं पॅकिंग करणाऱ्या बाईंचा. "म्हणजे माझ्या डब्यांचं काय?" मग दुसरीचा, तिसरीचा. एकीने विचारलं की झुरळं आधीपासून होती का, म्हणजे गणपतीत आपण जी शेव खाल्ली त्यात वगैरे. एकीने तिथल्या तिथे मंडळाच्या ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि लिहिलं, 'हेमा, खंबीर राहा.' हेमा तिच्यापासून चार खुर्च्यांवर बसलेली होती.

"कुठली झुरळं?" मागून मोठा आवाज आला. रजनी उभी राहिली होती. "मोठी उडणारी का बारीक तपकिरी?"

"बारीक," हेमा म्हणाली.

"मग ती खोक्यांतनं येतात. माझ्याकडे मागच्या वर्षी झालेली. सुलभाने काढली. आठवडाभर किचन बंद ठेवलं मी, सगळ्यांना सांगितलं की नणंदेकडे लग्न आहे." तिने हॉलभर नजर फिरवली. "काय बघताय? तुमच्याकडे नाही होत काय?"

ज्यांच्या ओट्याखाली मी टॉर्च मारला होता त्यातल्या बऱ्याचजणी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. रजनी एकटीच उभी होती.

"माझ्या किचनमध्ये कर," ती हेमाला म्हणाली. "दोन गॅस मोकळे देते. पण तिथे माझा शब्द चालेल. आणि मैदा मिसळलेली भाजणी माझ्या दारात आणायची नाही."

"मी कधी भाजणीत मैदा मिसळला?" हेमा म्हणाली.

"बघ, हे असं सुरू होतं," रजनी माझ्याकडे बघून म्हणाली, जणू मी पंच होते.

तर कल्याणला रजनीच्या घरी हेमाचा फराळ परत सुरू झाला. माल फेकायला मी आणि दत्ता गेलो. हेमाने प्रत्येक डबा स्वतः रिकामा केला. त्यानंतर गाळा आम्ही बंद करून घासून घेतला, जेल लावलं, दिवाळीनंतर दुसरी फेरी केली. ते काम मला आवडतं, कारण त्यात कुणी मत देत नाही.

रजनीच्या किचनमध्ये मात्र मतांचा पूर होता. हॉलमध्ये गप्प बसलेल्या बायका दुसऱ्या दिवशी एकेक करून उगवायला लागल्या. उघडपणे बोलायला त्यांना जमलं नव्हतं, पण हात द्यायला जमलं, हे मी मान्य करते. अनुराधाताई करंज्या लाटायला बसल्या आणि प्रत्येक करंजी पडद्याच्या झालरीसारखी मुरडत बसल्या, त्यामुळे तासाला ताटभरही होईनात. पार्लरवाली लांब नखं घेऊन आली, तिला रजनीने परत पाठवली, ती नखं कापून परत आली आणि दिवसभर त्याची आठवण करून देत राहिली. हिशेब तपासणारी प्रत्येक पिशवी काट्यावर ठेवून चिमूटभर शेव काढायची किंवा घालायची. हेमा आणि रजनी एकाच ओट्याशी उभ्या राहून एकमेकींशी बोलायच्या नाहीत, तिसरीमार्फत बोलायच्या. "तिला सांग, तेल तापलं नाही." "तिला सांग, तेल मला कळतं."

मला अर्थातच कुठल्याही पदार्थाला हात लावायची परवानगी नव्हती. "तुझे हात औषधाचे," रजनी म्हणाली. हात धुऊन दाखवले तरी नाही. निदान रिबिनी बांधते म्हटलं तर तेही नको. डबे पोचवायला माझी गाडी चालली असती, पण तिच्या दारावर झुरळ रंगवलेलं आहे. शेवटी मला हेमाचा फोन दिला आणि बाहेरच्या पायरीवर बसवलं. दिवसभर मी लोकांना सांगत होते की किचनमध्ये फवारणीमुळे माल खराब झाला, तो फेकला, नवा होतोय, उशीर होईल. खरं सांगायचं हे आम्ही ठरवलं होतं आणि खरं सांगण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकी सगळ्या तळत होत्या. काही लोक म्हणाले, बरं झालं सांगितलंत. एक गृहस्थ म्हणाले, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी पेस्ट कंट्रोलवाली. त्यांनी फोन ठेवला. माजिवड्याच्या ऑफिसने ऑर्डर रद्द केली. तो फोन झाल्यावर मी आत जाऊन हेमाला सांगितलं. तिने झारा तसाच धरून ठेवला. रजनीने तिच्या हातातून झारा घेतला, चकल्या उलटल्या आणि झारा परत तिच्या हातात दिला.

सगळे डबे वेळेत गेले नाहीत. करंज्या गाळाव्या लागल्या, अनुराधाताईंच्या मुरडीपायी. काही डबे भाऊबीजेला पोचले. दोन गिऱ्हाइकं कायमची तुटली. पण गाळा राहिला आणि बरेचसे लोक परत आले. दिवाळीनंतर मंडळाने 'परस्पर साहाय्य समिती' स्थापन केली, तिचा वेगळा ग्रुप झाला, त्यावर रोज सकाळी फुलांची चित्रं येतात. समितीची बैठक अजून झालेली नाही. मला भीती होती तशी माझी गिऱ्हाइकं तुटली नाहीत, उलट वाढली. सगळ्या अजूनही दबक्या आवाजातच फोन करतात. मी पूर्वी यावर चिडायचे. आताही चिडते.

यंदा गौरी-गणपतीच्या तोंडावर रजनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, पुढे ढकलता येण्यासारखं नव्हतं. गौरीच्या फराळाच्या ऑर्डरी घेऊन बसलेली होती. हेमाने तिला विचारलं नाही. आपल्या गाळ्याला कुलूप लावून ती दोन्ही बायकांना घेऊन कल्याणला रजनीच्या किचनमध्ये जाऊन उभी राहिली. मी रजनीला बघायला हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा ती उशांना टेकून बसलेली, पाय पट्ट्यांत, आणि पलंगाशेजारच्या टेबलावर स्टीलचा डबा. हेमा रोज दुपारी एका बाईच्या हाती नमुना पाठवत होती. रजनी रोज नाक मुरडून परत पाठवत होती. एवढ्यावरून दोघींत फोनवर भांडण झालेलं आणि हेमाने मला निरोप दिला होता, "ताई, तुम्हीच विचारा त्यांना, नक्की काय चुकतंय."

मी विचारलं.

रजनीने डबा उघडला, एक चकली उचलली, उजेडाकडे धरून काटे बघितले. तुकडा मोडला, खाल्ला. मग पूर्ण चकली खाल्ली. मग दुसरी.

"मोहन कमी पडलंय," ती बोटं पुसत म्हणाली. "तिला एवढंच सांग. आणि मी दोन खाल्ल्या ते सांगू नकोस."

आयुष्यभर मी लोकांच्या घरातलं गुपित पोटात ठेवलं. हे मात्र हॉस्पिटलचा जिना उतरता उतरताच हेमाला फोन करून सांगितलं.